खाडीने न नेलेले ठसे

आमच्या वाडीला रंगाऱ्यांची वाडी म्हणतात, पण आज तिथे रंगारी म्हणावं असं एकच घर उरलंय, ते आमचं, आणि त्यालाही आता दोन दारं झालीत, एक दादाचं, एक माझं. मालवणपासून उत्तरेला खाडीच्या कडेकडेने येत राहिलात की एका ठिकाणी गोड्या पाण्याचा व्हाळ खाऱ्या पाण्याला मिळतो, तिथे आम्ही. आजोबांचे आजोबा मिठाच्या बैलांबरोबर घाटावरून उतरले आणि व्हाळाचं पाणी चाखून इथेच बसले असं आई सांगायची, कारण कापड छापणाऱ्याला आधी पाणी लागतं, मग कापड, मग बाकी सगळं. होड्यांची शिडं ऐनाच्या सालीत उकळून द्यायची म्हणजे ती खाऱ्या वाऱ्याला टिकतात, आणि बायकांना लुगडी, नव्या बाळांना दुपटी छापून द्यायची, यावर आमचं घर चालायचं. शिडं गेली तेव्हा मी फार लहान होतो, इंजिनं आली आणि शिडं गेली, पण कापड मी पाहिलंय. कापड मी चांगलं पाहिलंय.

काय सांगू तुम्हाला, सकाळी डोळे उघडले की खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड वाळत असायचं. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं, पिवळट, ओलं, आणि त्यातून ऊन आलं की सगळं खळं दुधावरच्या सायीसारखं दिसायचं. मी त्या कापडांच्या मधून चालायचो, दोन्ही बाजूंना भिंती आणि त्या भिंती वाऱ्याने हलतायत, श्वास घेतल्यासारख्या आत येतायत, बाहेर जातायत, पलीकडून कुणीतरी चाललं की त्याची सावली माझ्या भिंतीवर चालायची आणि ती आईची की दादाची हे मी ओळखायचो. पुष्कळ वर्षं मला वाटायचं की घर म्हणजे असंच असतं, हलणारं. अजूनही दुपारी डोळा लागला की मी तिथेच असतो, त्या दोन कापडांच्या मधे, आणि पलीकडे कोण आहे ते मात्र आता ओळखू येत नाही.

वडील लवकर गेले. दादा माझ्याहून बराच मोठा, त्याचं नाव गजानन, पण मी दादाच म्हणतो आणि तो मला अंतू. त्यानेच मला खांद्यावर घेऊन वाढवलं, तोच घरातला छापणारा. छापायचं म्हणजे काय, पाटावर गोणपाट आणि जुनी कापडं अंथरून मऊ बैठक केलेली, तिच्यावर कापड ताणलेलं, बाजूला रंगाची पाटी. लाकडाचा ठसा पाटीत टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि पाठीवर मुठीने एक ठोका द्यायचा. एकच. दुसरा दिलात तर नक्षी हलते. ठशाच्या कोपऱ्याला बारीक टिंब असतं, पुढचा ठसा त्या टिंबावर बसला की वेल जुळत जाते, कुठे सुरू झाली कुठे संपली कळत नाही. दादा छापायला बसला की घरात तो ठोका ऐकू यायचा, धप, मग जरा थांबून धप, आणि आई चुलीपुढे त्या तालावर भाकरी थापायची, तिलाही ते माहीत नसावं.

ठसे शिवणीच्या लाकडाचे, कुणा पूर्वजाने सावंतवाडीच्या कारागिराकडून कोरून घेतलेले. रातांब्याचा ठसा होता, लाटेचा होता, काठासाठी मासोळ्यांचा होता. पण सगळ्यांत मोठी सुरंगी. आमच्याकडे सुरंगीचे वळेसर करून बायका केसात माळतात, तुम्ही बघितले असतील, वासाने बाजार भरून जातो, तर ते फूल ठशात उतरवलेलं, आणि एका फुलाला तीन ठसे लागायचे, एक रेघेचा, एक भरणीचा आणि एक केसरांचा. दादा बाकीचे ठसे मला उचलू द्यायचा, सुरंगी नाही. पावसाळा आला की सगळे ठसे उंडीच्या तेलाने पुसून ठेवायचे, लाकूड तडकू नये म्हणून, आणि पिढ्यान् पिढ्या तेल पिऊन ते काळे आणि जड झाले होते, हातात घेतले तर दगडासारखे.

मला त्या कामाचा कंटाळा होता, खरं सांगतो. नुसता कंटाळा नाही, राग होता. माझे तळवे मंजिष्ठाने कायम लाल, शाळेत पोरं म्हणायची लाल्या इलो, लाल्या इलो, आणि मी हात खिशात घालून बसायचो. लोखंडाचा गंज आणि गूळ मडक्यात आंबवून काळा रंग करतात, त्या मडक्याचा वास माझ्या कपड्यांना यायचा. आणि गिऱ्हाईक तर राहिलंच नव्हतं. मुंबईहून माणसं सुट्टीला यायची ती बायकांना नायलॉनच्या साड्या घेऊन यायची, धुतली की वाळली, रंग जात नाही, इस्त्री नको. आमच्या वाडीतल्याच बायका आमच्या खळ्यावरून त्या साड्या नेसून जायच्या आणि आईला म्हणायच्या, हात लावून बघ गो, किती हलकी आसा. आई हात लावून बघायची. दादा मात्र बोचकं पाठीवर टाकून कसालच्या बाजाराला जायचा आणि बहुतेक तसंच परत आणायचा, आणि म्हणायचा, लोकांका कंटाळो येतलो त्या नायलॉनचो, बघ तू. मी मनात म्हणायचो की हे ठसे या घरात आहेत तोवर दादा मला इथून हलू देणार नाही, स्वतःही हलणार नाही.

त्या साली दिवाळी सरली होती, भात कापून, मळून घरात आलं होतं आणि आम्ही उकड्या तांदळासाठी ते भिजत घातलं होतं. आमच्याकडे उकड्याशिवाय पेज होत नाही. भात भिजत घालायचं आणि मग मोठ्या हंड्यात उकडायचं, पण एकदा भिजलं की थांबता येत नाही, वेळेवर उकडलं नाही तर आंबून जातं, वर्षाचं धान्य. दादा आणि वहिनी तिच्या माहेरी देवगडला गेली होती. आणि समुद्रातून वादळ आलं. त्या दिवसांत यायचं नसतं तसलं वादळ, खाडी उलटी वाहायला लागली, आमचा लाकडं ठेवायचा मांगर उडाला, लाकडांतून पाणी निथळायला लागलं. आई तापाने आत पडलेली, आतून म्हणाली, अंतू, भात आंबता रे, चूल पेटव.

मी ओली लाकडं घालून बघितली. धूर झाला नुसता. मग छापायच्या पडवीत गेलो. आधी मी फुटका ठसा घेतला, काठाचा, तो तसाही कामाचा नव्हता. तो चुलीत घातल्याबरोबर असा पेटला की मी मागे सरलो, तेल प्यायलेलं लाकूड ते, कापरासारखं पेटलं. मग दुसरा घेतला. मग मासोळ्या. मग मी घेतच गेलो.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण ते फार सुंदर होतं. कोरलेल्या खोबणींत वर्षानुवर्षांचा रंग साठलेला, आग आधी त्या खोबणींतून धावायची, लाकूड अजून काळंच आणि नक्षी तेवढी उजळलेली. लाट पेटली तेव्हा लाट चुलीत हलली. सुरंगी मी शेवटी घातली, तिचं एकेक केसर वेगळं पेटलं, जणू फूल आत्ता उमलतंय, आणि मी चुलीपुढे उकिडवा बसून बघत राहिलो, बाहेर वादळ चाललंय याचं भान मला नव्हतं, हंड्यातलं भात उकळतंय आणि त्याचा वास घरभर पसरलाय आणि मी त्या फुलाकडे बघतोय. मग ते आत कोसळलं. भात उत्तम उकडलं गेलं. आईला पेज दिली तेव्हा ती म्हणाली, धुराक उंडीचो वास येता. माझ्याकडे जरा वेळ बघितलं तिने आणि पेज पिऊन टाकली. पुढे मरेपर्यंत त्या विषयावर एक शब्द बोलली नाही.

खाडीचं पाणी खळ्यात आलं होतं हे खरं. पायरीपर्यंत आलं आणि ओसरलं. पडवीत नाही आलं. पण दादा परत आला, मोकळी पडवी बघितली आणि मला विचारलं, ठसे खंय आसत, तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, पाणी इला. एवढंच बोललो मी. पाणी घेऊन गेलं असंही बोललो नाही. बाकीचं त्याने स्वतःच जुळवलं. खयच्या वाटेन गेला, म्हणाला, आणि चपला न घालता तसाच खाडीकडे पळाला. आणि काय सांगू, मीही गेलो त्याच्या मागून. गुडघाभर चिखलात, खारफुटीच्या मुळ्यांत हात घालून, मी स्वतः जाळलेले ठसे दादाबरोबर शोधले. तो वरून ओरडून सांगायचा, अंतू, थय बघ, त्या कोपऱ्यात बघ, आणि मी बघायचो. असा बघायचो की जणू सापडतीलच.

तेव्हा सांगितलं असतं तर त्याने मला मारलं असतं आणि संपलं असतं. दुसऱ्या दिवशी जड गेलं. मग महिना गेला, वर्ष गेलं.

दादाचं म्हणणं एकच, लाकूड बुडणा नाय, खंय तरी लागतलाच. तो रापणीवर जाळं ओढायला जायला लागला, पोटासाठी, पण अमावास्या-पौर्णिमेच्या सुकतीला, जेव्हा पाणी लांब जातं आणि खाडीचा तळ उघडा पडतो, तेव्हा तो कामावर जायचा नाही. तो त्या उघड्या तळावर चालायचा. पहाटेचं धुकं असायचं आणि त्यात तो लांबून दिसायचा, कमरेत वाकलेला, कधी दिसायचा कधी नाही. लाटांनी घासून गुळगुळीत झालेली लाकडं तो घरी आणायचा, होडीच्या फळ्या, वल्ह्याचे तुकडे, कुठल्या देशाच्या कुठल्या झाडाच्या फांद्या, आणि भिंतीला लावून ठेवायचा, की कदाचित झिजला असेल, ओळखू येत नसेल. सगळ्या खाडीला हे माहीत. होड्यांवाले काही कोरलेलं सापडलं की त्याला आणून द्यायचे. एकदा एकाने पोळपाट आणून दिला, हसत हसत, घे रे गजानना, तुझो ठसो. दादाने तो उलटापालटा करून नीट बघितला आणि म्हणाला, ह्यो माझो न्हय, पण कोणाच्या तरी घरात चपाती अडली आसतली, विचार जा. माणसं हसली. मी पण हसलो. आणि मग मी देवगडला निघून गेलो, आंब्याच्या पेट्या बनवायच्या कामाला.

माझा जन्म त्यात गेला. फळ्या ठोकायच्या आणि पेटीवर पत्र्याचा कातरलेला छापा ठेवून बागायतदाराचं नाव रंगवायचं. बघा, छापण्यापासून पळालो आणि छापतच राहिलो. हंगामात रात्रंदिवस नावं छापायचो आणि हात काळे व्हायचे, लाल नाही, तेवढंच. लग्न झालं, मुलं झाली, ती मुंबईला गेली, बायको वारली आणि मी परत वाडीत आलो. दादाची दृष्टी कमी झाली होती, वहिनी गेली होती. पाय थकल्यामुळे तो खाडीच्या तळावर उतरत नव्हता, पण सुकतीला काठावर येऊन बसायचा. मी पेज करायचो, दोघं जेवायचो. म्हातारपणी भाऊ जवळ आला म्हणून तो सुखात होता. त्याचं सुख बघून मला रोज आतून ओरबाडल्यासारखं व्हायचं.

मग केतकी आली. तिच्या आईचं घर देवगडकडे, ती शिकली मोठ्या शहरात, कपड्यांच्या कंपनीत डिझायनर होती. तिथे न खपलेले नवे कपडे ढिगाने फाडून फेकून देतात, ते तिने बघितलं आणि तिचं मन उडालं, असं ती सांगते. आजीच्या ट्रंकेत तिला एक दुपटं सापडलं, तिच्या आईच्या बारशाचं, आमच्या घरात छापलेलं, सुरंगीचं, आणि विचारत विचारत ती आमच्यापर्यंत पोचली. चांगली हुशार पोर. हिरडा, मंजिष्ठ, तुरटी सगळं तिला माहीत, मला आठवत नव्हतं ते तिनेच मला सांगितलं. आमची जुनी पडवी तिने भाड्याने घेतली, दुपट्यावरून नक्षी काढून सावंतवाडीत नवे ठसे कोरून घेतले, आणि हातमागाचं सुती कापड आणून छापायला लागली. तिचे कपडे विटले की गिऱ्हाइकं परत पाठवतात, ती पुन्हा रंगवून देते. दादाला याची गंमत वाटायची. तिने शिवलेला एक ढगळ झगा त्याने हातात धरून चाचपला आणि म्हणाला, ह्यो काय गो, कपडो की भाताचो पोतो? ती म्हणाली, दादा, पोत्यात भात मावतं, यात माणूस मावतं. दादा खुदखुदत राहिला. मला म्हणाला, चेडू तिखट आसा.

पण ठशाला त्याने हात लावला नाही. केतकीला दादाचा हात हवा होता, आणि तिला आणखी एक हवं होतं. दुपटं वापरून वापरून सुरंगीचा मधला भाग पुसून गेला होता, केसर कसं होतं ते दिसत नव्हतं. तिने अंदाजाने काढलं होतं. दादाने नव्या ठशावरून बोटं फिरवली आणि म्हणाला, केसर असा नाय. मग कसं, दादा? तो म्हणाला, मूळ ठसो सापडू दे, मग बघ. नक्कल ती नक्कल. मी कित्याक त्येच्यार मूठ मारू? ती रोज विचारायची, तो रोज हेच सांगायचा, आणि त्याचा श्वास दिवसेंदिवस आखूड होत चालला होता.

आणि केतकीने कपड्यांना लावायला जाड कागदाची चिठ्ठी छापायची ठरवली. ओरोसला प्रदर्शन होतं, तिथे पहिल्यांदा सगळं मांडायचं होतं. तिने मला वाचून दाखवलं. खाडीने एका रात्रीत नेलेले ठसे, आणि जन्मभर त्यांची वाट बघणारा रंगारी. बाजूला दादाचं चित्र, काठावर बसलेला, समोर पाणी. किती छान लिहिलं होतं. ती म्हणाली, काका, ही गोष्ट ऐकली की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. मला त्या रात्री, म्हणजे रात्र नाही, दिवसाढवळ्या, झोपाळ्यावर बसल्या बसल्या दिसायला लागलं की लांबलांबच्या शहरांत माणसं दादाला अंगावर घालून फिरतायत, आणि तो सगळ्यांच्या अंगावर वाट बघतोय.

म्हणून मी त्याला काठावर घेऊन गेलो, संध्याकाळच्या सुकतीला. पाणी लांब गेलं होतं, चिखलावर ऊन पसरलं होतं, बगळे चालत होते. मी म्हटलं, दादा, ठसे खाडीत गेलेच नाय. मिया जाळले. वादळाच्या दिवशी, भात उकडूक. तो पाण्याकडेच बघत होता. मग म्हणाला, सगळे? म्हटलं, सगळे. सुरंगी पण? म्हटलं, ती अखेरीक. मग त्याने विचारलं, आधी खयचो घातलंस. आणि मी सांगत गेलो, काठाचा, मग मासोळ्या, मग रातांबा, मग लाट, तो प्रत्येकाला मान हलवत होता, जसं कुणाच्या घरची माणसं एकेक करून विचारावीत तसं. सुरंगी कशी जळली, म्हणाला. मी सांगितलं ते तुम्हाला सांगितलं तसंच. त्याने डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं संपलं. मग डोळे न उघडताच तो म्हणाला, शेजारच्यांकडे सुकी लाकडा नाय होती?

हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही विचारू दिला नव्हता. होती, म्हटलं. त्यांच्या माळ्यावर करवंट्या होत्या, माडाची सुकी चुडतं होती, हाक मारली असती तर दिली असती. मगे? म्हटलं, माका ते ठसे घरात नको होते.

तेच खरं होतं. भात निमित्त होतं. हे मला तुमच्याकडे नोंदवून ठेवायचं आहे, कारण वाडीत मी नंतर सांगितलं तेव्हा लोकांनी माझीच बाजू घेतली, म्हणाले अरे वर्षाचं भात होतं, आई आजारी होती, तू काय करणार. तसं नाही. दादाला एकट्याला ते नीट कळलं.

माका घराक व्हर, म्हणाला. मी घेऊन आलो. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. माझ्या हातची पेज पण घेतली नाही, केतकी त्याला काहीतरी करून द्यायची. तिलाही मी सगळं सांगितलं, चिठ्ठीचा कागद छापायला गेला होता तो तिने परत मागवला. पुढच्या अमावास्येला दादा काठावर गेला नाही. मी त्याच्या दारातून बघितलं, तो भिंतीला लावलेल्या त्या लाकडांकडे तोंड करून पडला होता. मला वाटलं, मी याच्याकडचं उरलंसुरलं पण जाळलं. त्या दिवसांत मी पुष्कळदा मनात म्हटलं की गप्प राहिलो असतो तर तो सुखात गेला असता.

मग एका सकाळी मला ठोका ऐकू आला. धप. मी समजलो, झोपेत आहे, त्याच त्या कापडांच्या मधे आहे. पण पुन्हा आला. उठून पडवीत गेलो तर दादा पाटापुढे बसलेला, केतकी त्याचं मनगट रंगाच्या पाटीकडे नेऊन देतेय आणि तो बोटांनी टिंब चाचपून ठसा बसवतोय. मूठ हलकी झालेली, रंग कुठे उमटत होता कुठे नाही. पण तो तिला सांगत होता, केसर सरळ उभो नसता गो, आमच्या सुरंगीचो केसर एका अंगाक पडलेलो, वारो लागल्यासारखो, अगदी सगळो एकाच बाजूक. असा कोरून आण. ती कागदावर काढत होती, तो चाचपून दुरुस्त करत होता. मी दारात उभा राहिलो. त्याला कळलं असणार, पण त्याने मान वळवली नाही.

नवा ठसा आला, छापणं सुरू झालं, ओरोसचं प्रदर्शन झालं. चिठ्ठीवर काय लिहायचं ते केतकीने आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं. मी म्हटलं, माझं नाव घाल, ठसे याने जाळले असं लिही. ती दादाकडे बघत राहिली. दादा म्हणाला, चुलीत जळले असा लिही, खाडीचा नाव काढून टाक, खाडीन काय केल्यान नाय. पण ह्येचा नाव नको. मी म्हटलं, दादा, घालू दे. तेव्हा कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी बोलला. म्हणाला, ह्या कापड कोणाच्या तरी अंगाक लागतला, कोण पोराक गुंडाळतला त्यात, तेंका आमच्या घरातली आग कित्याक? तुका सांगूचा आसा तर तोंडान सांग, कापडार नको.

म्हणून तोंडाने सांगतोय. तुम्ही लिहून घ्या आणि नाव घाला, अंतू, अनंत, जे हवं ते. कापडाला मात्र काही लागलेलं नाही, ते स्वच्छ आहे, जो कोणी ते अंगाला लावेल त्याचं भलं होवो, त्याची पोरंबाळं त्यात झोपोत.

आता आमचं असं आहे. सकाळी केतकी कापड ताणते, दादाला जमेल तेवढं तो छापतो, दमला की तिथेच आडवा होतो, मग ती छापते आणि तो पडल्या पडल्या ठोका ऐकून तिला सांगतो, ह्यो वाकडो पडलो. मंजिष्ठात कापड उकळायला बाहेर मोठी चूल घातलीय. पहिल्या दिवशी तिथे कोण बसणार हा प्रश्न निघाला तर दादा म्हणाला, आगीकडे अंतूक बसव, तेका जमता. केतकीने मान खाली घातली. मी जाऊन बसलो. तेव्हापासून ते काम माझं. कापड वरखाली करायचं, आच एकसारखी ठेवायची, जास्त झाली तर लाल काळवंडतो, कमी झाली तर चढत नाही, कापडावर जिथे ठशाने तुरटी छापलेली असते तिथेच हळूहळू रंग धरत जातो आणि वाफेतून फुलं वर येतात. मी बघत बसतो.

लाकूड घालायला वाकलो की पडवीतून दादाचा आवाज येतो, काय घातलंस रे? मी सांगतो, सुरूची ढलपी. तो म्हणतो, दाखय. त्याला आता दिसत नाही. मी उठतो, आत जातो, ढलपी त्याच्या हातात देतो, तो ती दोन्ही बाजूंनी चाचपून बघतो, परत देतो आणि म्हणतो, घाल.

प्रत्येक लाकडाला विचारतो. मी प्रत्येक लाकूड नेऊन दाखवतो.